बॅटरीची ग्रीस गन: घ्यावी का, कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर काय सांभाळायचं

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलेलं, परत सांगितलेलं काढून टाकलंय. कानाला जे पटकन सुटतं, आकडे वगैरे, ते इथे नीट वाचता येईल.)



मागच्या महिन्यात मी ईटला होतो. भूम तालुक्यातलं ईट. बाहेरच्या लोकांना हा सगळा पट्टा खव्यासाठी माहीत. पण गावात संध्याकाळी चक्कर मारली तर खव्याच्या भट्टीइतकंच आणखी एक दृश्य दिसतं: कामावरून आलेला जेसीबी, मातीने माखलेला, आणि त्याच्या पुढच्या बकेटपाशी उकिडवा बसलेला एक माणूस. एका हातात ग्रीस गन, दुसऱ्या हातात तिचा पाइप, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही म्हणून वैतागलेला.

तो माणूस म्हणजे आमचे मामा. पूर्वी हेल्पर असायचा. एकाने कप्लर निप्पलवर धरायचा, दुसऱ्याने दांडा मारायचा. आता हेल्पर टिकत नाही. मामेभावाने मोबाइलवर बॅटरीची गन दाखवली आणि मला म्हणाला, "दादा, तुझा पॉडकास्ट हाय ना, मग सांग, घेऊ का नको?" मामा लगेच म्हणाले, "आरं, निप्पल ग्रीस घेतंय का नाय, ते हाताला कळतंय. त्या बॅटरीला काय कळणार?"

आजचा सगळा भाग मामांच्या या एका वाक्यावर आहे. कारण मामा बरोबर आहेत. आणि तरीही गन घ्यावी असं माझं मत झालंय. दोन्ही एकदम कसं, ते सांगतो.

[०२:४०] आधी हे ग्रीस जातं कुठे

आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत मशिनं का वाढली हे धाराशिव-बीड-लातूरवाल्यांना सांगायला नको. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार जाहीर झालं, मग नाला खोलीकरण, गाळ काढणं, शेततळी. त्यात रस्त्यांची कामं. दुष्काळी तालुक्यातल्या कितीतरी पोरांनी कर्ज काढून जेसीबी घेतले. हप्ता दर महिन्याला, काम मात्र पावसाळ्यात बंद. म्हणजे उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत मशीन एक दिवस जरी उभं राहिलं तरी पोटात गोळा येतो.

(जाता जाता: जेसीबी हे मशीनचं नाव नाही, जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्लिश माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. त्याने १९४५ ला कंपनी काढली. भारतात ती १९७९ ला आली. आणि 'पोकलेन' हेही एका फ्रेंच कंपनीचंच नाव. आपण दोन कंपन्यांची नावं घेऊन त्यांची सामान्यनामं करून टाकली.)

मशीनचा बकेट, आर्म, बूम जिथे जिथे वाकतो, तिथे एक जाड पोलादी पिन असते आणि तिच्याभोवती बुश. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट. त्या फटीत ग्रीसचा थर असेल तर पिन ग्रीसवर फिरते. नसेल तर लोखंडावर लोखंड. ग्रीसचं दुसरं काम कुणी फारसं सांगत नाही, पण आपल्या फुफाट्यात तेच मोठं: फटीच्या तोंडाशी ग्रीसची कड तयार होते आणि ती धूळ आत येऊ देत नाही. नवं ग्रीस आतून बाहेर ढकललं की जुनं काळं, मुरमाचे कण मिसळलेलं ग्रीस बाहेर पडतं. तो मळ बाहेर निघणं हेच ग्रीसिंग.

हे झालं नाही तर आधी बकेट खडखडायला लागते. मग बुश जातो. बुश वेळेत बदलला नाही तर ज्या भोकात बुश बसतो ते भोकच अंडाकृती होतं. मग मशीन उभं करून वेल्डिंग भरा आणि लाइन बोरिंगवाल्याला बोलवा. त्याचा खर्च ऐकून माणूस ग्रीसच्या बादलीला हात जोडतो.

[०५:१५] दाब गन करत नाही, अडथळा करतो

आता मामांच्या वाक्याकडे. हाताच्या गनमध्ये एक बारीक पिस्टन असतो. दांडा मारला की तो चमचाभरही नाही इतकं, साधारण एक ग्रॅमच्या आसपास ग्रीस पुढे ढकलतो. ग्रीस मोकळं जात असेल तर दांडा हलका चालतो. निप्पल चोंदलं असेल, आतली वाट बंद असेल, तर दांडा घट्ट होतो. दाब वाढतो तो या अडथळ्यामुळे. आणि ही बातमी सरळ दांड्यातून तुमच्या मनगटाला मिळते. मामांना पंचवीस वर्षांत हे इतकं सवयीचं झालंय की कोणती पिन आज कडक आहे ते त्यांना डोळे मिटूनही कळतं.

बॅटरीच्या गनमध्ये तोच बारीक पिस्टन आहे. फक्त तो हलवायला मोटर आणि गिअर. तुम्ही नुसता ट्रिगर दाबता. निप्पल मोकळं असो की चोंदलेलं, बोटाला ट्रिगर तितकाच हलका लागतो. १८ व्होल्टच्या चांगल्या गन दहा हजार पीएसआयपर्यंत दाब देतात, म्हणजे जवळपास ६९० बार. कारच्या टायरात तीस-बत्तीस पीएसआय हवा असते, त्याच्या तीनशेपट. तुमच्या बॅकहोचं हायड्रॉलिक साधारण अडीचशे बारच्या आसपास चालतं, म्हणजे हातातली ही छोटी वस्तू मशीनच्या पंपापेक्षा जास्त दाब काढू शकते. एवढी ताकद, आणि बोटाला काहीच कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: बॅटरीची गन हाताचे कष्ट वाचवते, पण हाताची जाणीव काढून घेते. ती जाणीव तुम्हाला दुसरीकडून परत आणावी लागते. डोळ्याने, कानाने आणि मोजून. गन निवडताना आणि सांभाळतानाही हेच डोक्यात ठेवायचं.

मोजायचं म्हणजे कसं? हे आम्ही ईटमध्ये प्रत्यक्ष केलं. खव्याच्या गावात डिजिटल काटा मिळणं अवघड नाही (काट्यावर आधी प्लॅस्टिक अंथरलं, मामी बघत होत्या). हाताच्या गनचे दहा स्ट्रोक कागदावर मारा आणि वजन करा. मग बॅटरीच्या गनचा ट्रिगर पाच सेकंद दाबा आणि वजन करा. मोठ्या कंपन्यांच्या १८ व्होल्टच्या गन मोकळ्या तोंडाने मिनिटाला १४५ मिलिलिटरच्या आसपास ग्रीस देतात असं त्या स्वतः लिहितात. म्हणजे पाच सेकंदांत १२ मिलिलिटर, वजनात अकरा ग्रॅमच्या आसपास. हाताच्या गनचे जवळपास अकरा स्ट्रोक! तुम्ही 'थोडंसं दाबलं' म्हणता तेवढ्यात अकरा स्ट्रोक गेलेले असतात. पिनला ते चालतं, जास्तीचं बाहेर येतं. पण जिथे सील आहे, उदाहरणार्थ प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा एखादं सीलबंद बेअरिंग, तिथे हाच दाब सील फाडतो. सील गेलं की धूळ आत. अशा जागी मामांची जुनी गनच वापरायची, आणि तीही हळू. नवी गन घेतली म्हणून जुनी भंगारात देऊ नका.

[०९:३०] कोणती घ्यायची

यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ बघून गन निवडू नका. तिकडे ग्रीस चारशे ग्रॅमच्या तयार नळकांड्यात, कार्ट्रिजमध्ये मिळतं. टाकलं की झालं. आपल्याकडे भूमच्या बाजारात ग्रीस मिळतं डब्यात नाहीतर बादलीत. कार्ट्रिज शोधायला मोठ्या शहरात जा, आणि मिळालं तरी किलोमागे महाग. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न: 'हिच्यात सुटं ग्रीस भरता येतं का?' काही गनना तीनही मार्ग असतात: कार्ट्रिज, नळकांडं बादलीत बुडवून ओढून घेणं, आणि फिलर पंपाने भरणं. निदान दुसरा मार्ग हवाच. तिसराही असेल, म्हणजे गनच्या डोक्यावर भरायचं निप्पल असेल, तर सोन्याहून पिवळं. का, ते पुढे धुळीच्या वेळी सांगतो.

(त्याच व्हिडिओंत 'झर्क' 'झर्क' म्हणतात ना, ते आपलं ग्रीस निप्पलच. ऑस्कर झर्क नावाच्या माणसाने ते रूढ केलं, म्हणून अमेरिकेत त्याचं नाव चिकटलं. शोधताना हा शब्द टाकला की बरेच उपयोगी व्हिडिओ सापडतात.)

दुसरी गोष्ट बॅटरी. इथे फसवणूक भरपूर आहे, म्हणून थांबून ऐका. ऑनलाइन स्वस्त गनांवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं काहीतरी छापलेलं दिसतं. मामेभाऊ म्हणाला, "अठरापेक्षा अठ्ठ्याऐंशी बरी ना?" नाही! ते व्होल्ट नाहीतच. त्या पॅकमध्ये बहुतेक वेळा पाचच सेल ओळीने जोडलेले असतात. लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. चार्जरवरून नुकताच काढला की प्रत्येक सेल चार व्होल्टच्या वर असतो, म्हणून कुणी त्याच पॅकला २० म्हणतं, कुणी २१. म्हणजे एका मोठ्या कंपनीची '२० व्होल्ट मॅक्स' आणि दुसरीची '१८ व्होल्ट' यात काडीचा फरक नाही. आणि '८८ व्हीएफ' हा नुसता छापलेला आकडा आहे.

त्यापेक्षा हे बघा: घरात, वर्कशॉपमध्ये आधीच कोणत्या कंपनीची बॅटरीची ड्रिल किंवा ग्राइंडर आहे? त्याच बॅटरीवर चालणारी नुसती गन, बॅटरी-चार्जरशिवाय, घेतली तर बराच पैसा वाचतो. गनला मोठी बॅटरी लागत नाही. ग्रीसिंगमध्ये मोटर थांबून थांबून चालते. दोन अँपिअर-अवरची छोटी बॅटरी एका मशीनच्या रोजच्या ग्रीसिंगला साधारणपणे पुरते, आणि हाताला हलकी पडते. ग्रीस भरलेली गन आणि पाच अँपिअर-अवरची बॅटरी घेऊन बूमखाली वाकून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

ट्रिगर असा हवा की कमी दाबला की हळू चालेल, किंवा निदान दोन स्पीड. हळू चालवता आली तर गेलेली जाणीव थोडी परत मिळते. पाइप मीटरभर लांब असावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगचं आवरण असावं. दाब फार वाढला की स्वतः सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे का, हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर माहितीपत्रक मागा. आणि पाइप, कप्लर, पिस्टनचं रबर सुटं मिळतं का, कुठे मिळतं, तेही विचारा. सर्व्हिस सेंटर पुण्यात असेल तर चालेल, कुरिअर जातं. सेंटरच नसेल तर ती गन एका सीझनची.

लॉकवाला कप्लर, ज्याला चिमट्यासारखी कळ असते, तो वेगळा घेऊन लावता येतो. एकट्याने काम करणाऱ्यासाठी गनपेक्षाही तो मोठा शोध आहे असं मला वाटतं. तो निप्पल धरून बसतो, हात मोकळा राहतो. खरं तर तुमचं बजेट अगदी कमी असेल तर आज नुसता हा कप्लर घ्या आणि मामांच्या जुन्या गनला लावा. तिसऱ्या हाताचा प्रश्न निम्मा सुटतो.

ज्यांच्याकडे फक्त ट्रॅक्टर-रोटाव्हेटर आहे त्यांना सांगतो, राहू द्या. हाताची गन पुष्कळ झाली. जेसीबी, पोकलेन, ऊसतोडणी हार्वेस्टर आणि विशेषतः ब्रेकर, यांच्यासाठीच हा खर्च वसूल होतो.

[१४:५०] ब्रेकर आणि पोकलेनची साखळी

ब्रेकरचं वेगळं सांगतो. आपला बालाघाटचा काळा पाषाण. विहीर खोदायची, रस्ता कापायचा, ब्रेकर लागतोच. ब्रेकरच्या छिनीला दिवसातून एकदा ग्रीस पुरत नाही. दर दोन तासांनी द्यावं असं सर्वसाधारणपणे सांगतात. उन्हात, धुळीत, दिवसात चार-पाच वेळा दांडा मारायला कुणाचा हात चालतो? मग टाळाटाळ होते. बॅटरीची गन इथे खरी कमाई करते. पण दोन पथ्यं. एक, छिनीसाठी वेगळी पेस्ट येते, तांबं किंवा ग्रॅफाइट मिसळलेली. साधं ग्रीस तिथल्या उष्णतेत पातळ होऊन गळून जातं. दोन, ग्रीस देताना ब्रेकर उभा धरून छिनी जमिनीवर टेकवून पूर्ण आत दाबलेली हवी. नाहीतर ग्रीस छिनीच्या भोवती न जाता तिच्या डोक्यावर, पिस्टनखालच्या पोकळीत भरतं आणि पहिल्याच ठोक्याला आतल्या सीलवर हातोडा बसतो. इंजिन बंद करूनच खाली उतरायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पोकलेनची साखळी ताणायलाही हीच गन लागते. साखळीच्या चौकटीत एक ग्रीस सिलिंडर असतो. त्यात ग्रीस भरलं की पुढचं चाक पुढे सरकतं आणि साखळी ताणली जाते. भरताना धोका कमी. सैल करताना मात्र जपा. त्या सिलिंडरमध्ये ग्रीस भयानक दाबाखाली बसलेलं असतं. व्हॉल्व्ह एका आट्याच्या वर फिरवायचा नाही, हळू, आणि स्वतः बाजूला उभं राहून. तोंड, छाती, हात त्याच्या समोर आणायचा नाही. तो व्हॉल्व्ह पूर्ण सुटून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. ग्रीस आलं नाही तर अजून फिरवायचा मोह होतो. फिरवू नका, साखळी थोडी पुढे-मागे करा.

[१७:३०] आता थोडं थांबून ऐका

हा भाग मी खरं तर यासाठीच केला.

दहा हजार पीएसआय म्हणालो. पाइपला बारीक चीर पडली असेल, आणि तुम्ही 'कुठून गळतंय' बघायला बोट फिरवलं, तर ग्रीस सुईसारखं कातडीतून आत जाऊ शकतं. दहा हजार सोडा, शंभर पीएसआयच्या आसपासची धारही कातडी भेदू शकते असं सुरक्षेच्या पुस्तकांत सांगतात. बाहेरून काय दिसतं? एक ठिपका. मुंगी चावल्यासारखा. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस हात धुतो, हळद लावतो, जेवतो, झोपतो. आत मात्र ग्रीस बोटाच्या शिरांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. सूज येते, रक्तपुरवठा तुटतो. यात बोट कापावं लागल्याच्या घटना वैद्यकीय पुस्तकांत भरपूर आहेत.

असं झालं तर वेळ घालवायचा नाही. ठिपका छोटा दिसतो म्हणून थांबायचं नाही. भूम, बार्शी की धाराशिव, जिथे सर्जन लवकर भेटेल तिथे जायचं. तिथे 'मार लागलाय' असं मोघम बोलू नका. 'ग्रीस गनच्या दाबाने ग्रीस हातात घुसलंय' हेच शब्द वापरा. ग्रीसच्या डब्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. अशा जखमेत डॉक्टरांना बहुतेक वेळा हात उघडून आतलं ग्रीस साफ करावं लागतं, आणि ते पहिल्या काही तासांत झालं तर हात वाचण्याची शक्यता जास्त.

म्हणून नियम. गळती बोटाने शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. ट्रिगर दाबताना पाइपचं रबर हातात धरायचं नाही. कप्लरचा धातूचा भाग किंवा स्प्रिंगचं आवरण धरा. पाइपला फुगा, चीर, वाकल्याची घडी दिसली की तो पाइप त्याच दिवशी कापून टाका. नुसता फेकू नका, कापा, म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. त्यावर टेप गुंडाळून चालवणारे लोक मी बघितलेत. हाताच्या गनवर कदाचित निभावलं असेल. इथे नाही.

[२०:४५] काम करायची पद्धत

मशीन सपाट जागी, बकेट जमिनीला टेकलेली, इंजिन बंद, चावी खिशात. शक्यतो संध्याकाळी, काम संपल्यावर. पिना गरम असतात, ग्रीस सहज आत जातं आणि दिवसभराचा मळ तेव्हाच बाहेर निघतो. सकाळी गार पिनेत ग्रीस ढकलण्यापेक्षा हे सोपं.

निप्पल आधी फडक्याने पुसा. न पुसता कप्लर लावला तर त्याच्यावरची माती तुम्ही स्वतः दाबून आत पाठवता. मुरमाची माती आणि ग्रीस म्हणजे पॉलिश करायची पेस्टच, ती पिन घासून काढते. कप्लरच्या तोंडातून थोडं ग्रीस फडक्यावर काढा, मग सरळ रेषेत लावा. तिरका लावला की बाजूने गळतं.

आता ट्रिगर, हळू. डोळे पिनेच्या कडेवर. काळं ग्रीस, मग मिश्र, मग नव्या रंगाचं दिसलं की थांबा. एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर सगळे लांब व्हा, बकेट एकदा हलवा, परत टेकवा, इंजिन बंद करून पुन्हा थोडं द्या. पिनेच्या ज्या बाजूवर वजन बसलेलं असतं तिथे ग्रीस जायला जागाच नसते. हलवल्यावर मिळते.

आणि कान. मोटरचा आवाज जड झाला, रडल्यासारखा, आणि पिनेच्या कडेला काहीच दिसत नाही: थांबा! हाच तो क्षण जेव्हा मामांचा दांडा घट्ट झाला असता. इथे ट्रिगर दाबून ठेवला तर ग्रीस कप्लरमधून फुटेल, नाहीतर पाइपमधून. निप्पल काढा (दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पाकीटभर ठेवा, सरळ आणि वाकडी दोन्ही), आतलं छिद्र बघा, डिझेलने धुवा. नवं निप्पल लावूनही ग्रीस जात नसेल तर अडथळा आतल्या वाटेत आहे. तिथले वाळलेले ग्रीस तारेने काढावे लागते. जोर लावणं हा उपाय नाही.

कप्लर अडकला तर सरळ खेचत बसू नका. आत दाब अडकलेला असतो. बाजूला थोडा वाकवा, सुटतो. शेवटी निप्पलवर ग्रीसचा छोटा गोळा राहू द्या. तो झाकणाचं काम करतो.

हे सगळं मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हाताचं काम कानाला दिलंस." अगदी तेच.

[२४:१०] ग्रीस, बादली आणि धूळ

दुकानात 'एपी-३ द्या' म्हणायची आपल्याला सवय आहे. आणि बऱ्याच जणांना वाटतं, तीन नंबर म्हणजे दोनपेक्षा भारी. तसं नाही. तो आकडा दर्जाचा नाही, घट्टपणाचा आहे. तीन शून्यांपासून सहापर्यंत प्रती असतात, जितका आकडा मोठा तितकं घट्ट. जेसीबीच्या पिनांना साधारणपणे दोन नंबरचं, ईपी म्हणजे जास्त भार झेलणारं ग्रीस सांगितलेलं असतं. संथ फिरणाऱ्या जड पिनांना मॉलिब्डेनम मिसळलेलं काळपट ग्रीसही चांगलं. पण शेवटचा शब्द मशीनच्या मॅन्युअलचा. तीन नंबर बॅटरीच्या गनलाही जड जातं. डिसेंबरच्या गार सकाळी तर ते पिस्टनपर्यंत पोचतच नाही, मग मोटर फिरते आणि पुढे काही येत नाही.

रंगावरून ग्रीस ओळखू नका. लाल, निळा, हिरवा हा कंपनीने घातलेला रंग. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं मिसळली तर काही जोड्या पातळ होऊन गळतात. ग्रीस बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं द्या.

आणि बादली. आपल्याकडे ग्रीसमध्ये धूळ जाते ती मशीनवर नाही, बादलीत. झाकण उघडं, त्यात लाकडाची काडी खुपसलेली, बाजूने ट्रॅक्टर जातोय. त्या बादलीत नळकांडं बुडवून ओढलं की वरची सगळी धूळ पहिल्यांदा गनमध्ये. म्हणून मी फिलर पंपाचा आग्रह धरला. बादलीवर बसणारा पंप, त्याच्या आत ग्रीसवर दाबून बसणारी तबकडी. गन लावा, दांडा मारा, भरली. हवा नाही, धूळ नाही, हात स्वच्छ. तो नसेल तर निदान भरण्याआधी वरचा थर काढून टाका आणि झाकण लगेच लावा.

[२७:००] गनची निगा

सगळ्यात जास्त तक्रार येते ती 'गन चालते पण ग्रीस येत नाही'. दहातल्या बहुतेक वेळा गन बिघडलेली नसते, आत हवा अडकलेली असते. बादलीतून ओढून भरताना नळकांडं ग्रीसमध्ये खोल दाबलेलं नसेल तर हवा येतेच. गनच्या डोक्यावर हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो दाबा किंवा सैल करा, मागचा दांडा हाताने पुढे ढकला, ट्रिगर थांबून थांबून दाबा. फुसफुस होऊन सलग ग्रीस आलं की बंद करा. एका ओळखीच्याने हे न कळल्याने सगळी गन खोलली आणि आतली छोटी स्टीलची गोळी फुफाट्यात हरवली. त्या गोळीवरच ग्रीस मागे न येण्याचा सगळा कारभार असतो.

काम झालं की पाइपमधला दाब सोडा, कप्लर पुसा, तोंडावर टोपी किंवा स्वच्छ पिशवी. महिना-दोन महिने वापरायची नसेल तर मागच्या स्प्रिंगचा ताण मोकळा करून ठेवा. सतत दाबाखाली राहिलेल्या ग्रीसमधून तेल वेगळं होतं आणि मागे साबणासारखा घट्ट गोळा उरतो. गन वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली धरू नका, मोटर आहे आत. मोटरच्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा.

बॅटरीचं आपल्या उन्हात जपायला लागतं. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, बंद केबिनमध्ये त्याहून किती तरी जास्त. डॅशबोर्डवर बॅटरी ठेवून जेवायला जाऊ नका. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर चांगला चार्जर थांबून राहतो. तो बिघडलेला नाही, तो शहाणपणा करतोय. स्वस्त चार्जर थांबत नाही, तिथे तुम्ही थांबा. पावसाळ्यात मशीन उभं असेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून घरात, कोरड्या जागी, गनमधून काढून ठेवा.

आलेल्या व्हॉइस मेसेजांपैकी एकच घेतो, वेळ संपत आलाय. वाशीकडच्या एका श्रोत्याने विचारलंय: "ड्रिल मशीनला लावायची ग्रीस गनची जोडणी मिळते, ती स्वस्त आहे, घेऊ का?" दाब सोडायची सोय तिच्यात आहे का ते आधी बघा. ड्रिलची मोटर थांबायला तयार नसते, आणि जोडणी एका हातात, ड्रिल दुसऱ्या हातात, मग कप्लर कोण धरणार? त्यापेक्षा लॉकवाला कप्लर घ्या आणि हाताचीच गन चालवा.

मामेभावाने शेवटी गन घेतली. १८ व्होल्टची, घरातल्या ड्रिलचीच बॅटरी चालणारी, सुटं ग्रीस भरता येणारी. मामा अजून प्रोपेलर शाफ्टला जुनी गनच लावतात, आणि मी त्यांना अडवलेलं नाही. पुढच्या भागात हायड्रॉलिक पाइप. तोवर तुमच्या मशीनच्या निप्पलांची संख्या मोजून मला पाठवा. मामांच्या जेसीबीवर आम्ही मोजली तेव्हा दोन निप्पलं अशी निघाली, जी मातीखाली किती दिवस दडली होती ते त्यांनाही आठवेना.